काचेतला ओढा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या परिचयाच्या एका शाळेत सातवीच्या वर्गासाठी माशांची टाकी लावायची ठरली. विज्ञानाचे संशोधक म्हणून सल्ला द्यायला आम्हाला बोलावलं होतं. साधारण साठ लिटरची काचेची टाकी आणली, वाळू स्वच्छ धुऊन घातली आणि नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून, क्लोरीन उडून गेल्यावर भरलं. मुलांनी जवळच्या ओढ्यातून बोटाएवढे दहा-बारा मासे आणले. टाकी सुरेख दिसत होती. पाचव्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले आणि आठव्या दिवसापर्यंत एक सोडून सगळे मेले.

एका मुलीनं विचारलं, "पाणी तर एकदम स्वच्छ दिसतंय. मग मासे मेले कशानं?"

"ऑक्सिजन कमी पडला असेल," असं उत्तर देऊन आम्ही मोकळे झालो. खरं तर टाकीत हवेचा पंप चालू होता. बुडबुडे तिलाही दिसत होते आणि आम्हालाही. ती काही बोलली नाही, पण तिचं समाधान झालेलं नव्हतं. घरी परतताना आमचंही झालेलं नव्हतं. तिच्या प्रश्नाचं नीट उत्तर शोधायला गेलो, तेव्हा हाती लागली ती एका बापलेकांची गोष्ट.

वॉरिंग्टनची टाकी

रॉबर्ट वॉरिंग्टन (१८०७-१८६७) हा लंडनमधल्या औषधविक्रेत्यांच्या संस्थेत काम करणारा रसायनशास्त्रज्ञ. वनस्पती हवा 'शुद्ध' करतात हे प्रीस्टलीनं १७७१ च्या सुमारास पाहिलं होतं. पाण्यातल्या हिरव्या पानांतून वायूचे बुडबुडे येतात आणि तेही फक्त उजेडात, हे इंगेनहाउझनं १७७९ साली दाखवून दिलं होतं. वॉरिंग्टननं विचार केला, वनस्पती ऑक्सिजन देते आणि कार्बन डायऑक्साइड घेते, मासा याच्या उलट करतो. मग दोघांना एकाच भांड्यात ठेवलं तर पाणी न बदलता दोघंही जगतील का?

१८४९ साली त्यानं बारा गॅलनच्या, म्हणजे सुमारे ५४ लिटरच्या काचेच्या भांड्यात वाळू, चिखल आणि दगड घातले, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली आणि दोन छोटे गोल्डफिश सोडले. सुरुवातीला सगळं ठीक चाललं. मग वनस्पतीची जुनी पानं कुजू लागली. पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा थर चढला. प्रयोग फसायच्या बेतात होता.

तळ्यात पानं कुजतातच, तरी तळं घाण का होत नाही, असा प्रश्न वॉरिंग्टनला पडला. तळ्यात गोगलगायी असतात, त्या कुजकी पानं खातात, हे त्याच्या लक्षात आलं. पाच-सहा पाणगोगलगायी टाकीत सोडल्यावर थोड्याच दिवसांत पाणी निवळलं. शिवाय गोगलगायींनी अंडी घातली, तीही माशांना खायला मिळाली. वनस्पती, मासा आणि गोगलगाय अशा तिघांचा हा समतोल त्यानं १८५० साली केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात मांडला.

फसलेला प्रयोग फेकून न देता, तळ्यात काय वेगळं आहे असं त्यानं विचारलं, ही आम्हाला यातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट वाटते. आमच्या शाळेतल्या टाकीपुढे उभे असताना आम्ही मात्र ते विचारलं नव्हतं.

काच स्वस्त झाली, वेड पसरलं

असा विचार करणारा वॉरिंग्टन एकटाच नव्हता. जान व्हिलप्र-पॉवर या फ्रेंच बाईंनी १८३२ च्या सुमारास सिसिलीत काचेच्या टाक्या करवून घेऊन त्यांत समुद्री प्राण्यांचा अभ्यास केला होता. अ‍ॅना थिन या इंग्रज बाईंनी १८४६ पासून लंडनमधल्या घरी समुद्रातले प्रवाळ जगवले होते. रोज पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून त्यात हवा मिसळायची, अशी त्यांची साधी युक्ती होती.

पण शास्त्रज्ञाची टाकी घरोघरी जायला विज्ञानाखेरीज आणखीही काही लागतं. इंग्लंडमध्ये काचेवर जबर कर होता, तो १८४५ साली रद्द झाला आणि काच स्वस्त झाली. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप गॉस यांचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि मध्यमवर्गीय बैठकीच्या खोल्यांतून टाक्या दिसू लागल्या.

याची दुसरी बाजूही होती. हौशी लोकांच्या झुंडी किनाऱ्यावर लोटल्या. गॉस यांचा मुलगा एडमंड यानं १९०७ साली वडिलांविषयी पुस्तक लिहिलं. लहानपणी पाहिलेले, जीवांनी गजबजलेले किनारे ओरबाडले गेल्याची खंत त्यात आहे, आणि आपल्या वडिलांच्या पुस्तकांचाही त्याला हातभार लागला हे त्यानं लपवलेलं नाही. पाहण्याची आवड आणि ओरबाडण्याची सवय एकाच टाकीतून निघू शकतात, ही गोष्ट इथून पुढे पुन्हा भेटणार आहे.

मुलानं पुरा केलेला हिशोब

वॉरिंग्टनचा समतोल देखणा होता, पण अपुरा होता. टाकीतला बराचसा ऑक्सिजन वनस्पतींकडून नव्हे, तर पृष्ठभागावरून हवेतून विरघळतो. रात्री तर वनस्पतीही ऑक्सिजन वापरतात. पाण्यात तो मावतोही थोडा. २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम आणि ३० अंशांना साडेसात. म्हणून उन्हाळ्यात टाकीत मासे कमी हवेत, हे खरंच.

पण आमचे मासे त्यानं मेले नव्हते. मासे नत्रयुक्त मलद्रव्य मुख्यतः अमोनियाच्या रूपात, कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. अमोनिया विषारी असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. वाहत्या ओढ्यात तो वाहून जातो, टाकीत साठत राहतो. मग वॉरिंग्टनच्या टाकीत तो कुठे गेला? काही वनस्पतींनी शोषला. उरलेल्याचं काय झालं, हे समजायला जवळजवळ तीस वर्षं लागली.

१८७७ साली श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडीनं भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिलं. सुमारे वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला. मग अचानक त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागलं. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली की हे थांबे. याचा अर्थ, हे काम निव्वळ रासायनिक नव्हतं, वाळूत काहीतरी जिवंत होतं.

हा धागा इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात एका रसायनशास्त्रज्ञानं उचलला. तो शेतातल्या मातीवर काम करत होता. अमोनियाचं नायट्रेट दोन पायऱ्यांत होतं, एका प्रकारचे जीव अमोनियापासून नायट्राइट बनवतात आणि दुसऱ्या प्रकारचे त्याचं नायट्रेट करतात, असं त्यानं दाखवलं. त्याचं नावही रॉबर्ट वॉरिंग्टन (१८३८-१९०७). हा टाकीवाल्या वॉरिंग्टनचा मुलगा. बापानं टाकी लावली तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता. हे जीव वेगळे करून वाढवायचं काम पुढे १८९० च्या सुमारास विनोग्रादस्कीनं केलं.

वॉरिंग्टननं तळ्यातून चिखल आणि गोगलगायी आणल्या, तेव्हा नकळत हे अदृश्य कामगारही आणले असणार. बापानं मांडलेल्या हिशोबातली राहिलेली रक्कम मुलाला मातीत सापडली.

आमची चूक आता उघड आहे. आम्ही वाळू स्वच्छ धुतली होती आणि पहिल्याच दिवशी दहा-बारा मासे सोडले होते. नायट्रीकरण करणारे जीवाणू सावकाश वाढतात, टाकीत त्यांची पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. पाणी स्वच्छ दिसत होतं, कारण त्यातलं विष रंगहीन होतं.

गोष्ट इथेही थांबत नाही. २००५ साली सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयातल्या एका टाकीतून अमोनियावर जगणारा एक आर्किया मिळाला. त्याआधी हे काम फक्त जीवाणूंचं मानलं जाई. २०१५ साली दोन्ही पायऱ्या एकटाच पार पाडणारे जीवाणू सापडले. त्यांपैकी काही मत्स्यपालनाच्या पाणी गाळण्याच्या यंत्रणेतून मिळाले. धाकट्या वॉरिंग्टनच्या 'दोन पायऱ्या, दोन कामगार' या नियमाला अपवाद मिळाला, तोही माशांच्याच पाण्यात.

क्रेफिशचा धडा

इंग्लंडमधल्या ओढ्यांतून मुलं आणखी एक प्राणी आणत. तो म्हणजे क्रेफिश, शेवंडासारखा दिसणारा पण गोड्या पाण्यातला, बोटभर लांबीचा. टॉमस हक्सली यांनी १८८० साली केवळ या एका प्राण्यावर पुस्तक लिहिलं. शोभिवंत किंवा दुर्मीळ प्राणी न निवडता जवळच्या ओढ्यातला प्राणी घ्यायचा, तो नीट पाहायचा आणि त्यावरून सगळ्या प्राणिशास्त्राचे प्रश्न उभे करायचे, अशी त्यांची पद्धत होती. १८७१ पासून त्यांनी शाळाशिक्षकांसाठी लंडनमध्ये जे वर्ग घेतले, तेही असेच हातानं करून पाहण्याचे होते.

आज इंग्लंडमधल्या शिक्षकानं हक्सलींचा तोच प्राणी वर्गात आणायचा म्हटलं तर कायदा आड येतो. १८६० च्या सुमारास उत्तर इटलीतले क्रेफिश मोठ्या प्रमाणावर मरू लागले आणि ही साथ युरोपभर पसरली. बुरशीसारखा दिसणारा एक सूक्ष्मजीव हे तिचं कारण होतं. अमेरिकेतले क्रेफिश तो अंगावर वागवतात, पण सहसा मरत नाहीत. युरोपातल्यांना मात्र तो जगू देत नाही. मेलेल्यांची जागा भरून काढायला म्हणून स्वीडननं १९६० च्या सुमारास आणि ब्रिटननं १९७० च्या दशकात अमेरिकेतला सिग्नल क्रेफिश आणला. रोगाचा वाहकच उपाय म्हणून आला! ओल्या जाळ्यांवरून आणि बुटांवरूनही रोगाचे बीजाणू एका ओढ्यातून दुसऱ्यात जाऊ शकतात.

याहून चमत्कारिक गोष्ट हौशी टाक्यांतली आहे. १९९० च्या दशकात जर्मनीत पाळीव प्राण्यांच्या बाजारात संगमरवरी नक्षीचा एक क्रेफिश दिसू लागला. एकटा ठेवला तरी त्याला पिल्लं होत. त्यातल्या सगळ्या माद्याच असून त्या नराशिवाय प्रजनन करतात, हे २००३ साली प्रसिद्ध झालं. कंटाळून ओढ्यात सोडलेली एक मादी नवी वसाहत उभारायला पुरेशी असते. मादागास्करमध्ये हा प्राणी आज मोठ्या प्रमाणावर पसरला आहे.

आपल्याकडे

भारतात मूळचे क्रेफिश नाहीत. आपल्या गोड्या पाण्यात खेकडे आणि कोळंब्या आहेत. पण क्रेफिशचा धडा आपल्याला लागू आहे. डास खातील म्हणून गप्पी आणि गंबूशिया हे परदेशी मासे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या पाण्यात सोडले गेले. टाकीची काच चाटून साफ करणारा दक्षिण अमेरिकेतला सकर मासा आता आपल्या अनेक नद्यांत आणि तलावांत सापडतो. तो कोणीतरी घरच्या टाकीतूनच सोडला असणार. उलट, केरळच्या ओढ्यांतला 'मिस केरला' हा लाल पट्ट्याचा देखणा मासा जगभरच्या टाक्यांसाठी इतका पकडला गेला की तो धोक्यात आला.

मग शाळेत टाकी लावूच नये का? आम्हाला तसं वाटत नाही. कर्नल साइक्स हा इंग्रज अधिकारी १८२४ ते १८३१ या काळात दख्खनची पाहणी करत फिरला. इथल्या माशांचं वर्णन करताना त्यानं लोकांच्या तोंडची नावंच शास्त्रीय नावांत घातली. 'मूरेह' म्हणजे आपला मुरा, 'सींगटी' म्हणजे शिंगटी, तसाच नुक्टा. ती नावं जगभरच्या ग्रंथांत राहिली. आपल्या मुलांना मात्र गोल्डफिश ओळखू येतो आणि मुरा येत नाही.

त्या शाळेत आम्ही पुन्हा टाकी लावली. या वेळी ओढ्यातली मूठभर वाळू न धुता घातली, व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला लावली, दोन गोगलगायी सोडल्या. पंधरा दिवस टाकीत एकही मासा नव्हता. मुलं कंटाळली, मग पाण्यातले बारीक कीटक पाहू लागली. त्यानंतर दोन मासे आले, दहा दिवसांनी आणखी दोन. एक वाळूवर बसून राहणारा मुरा होता, तर डोक्यावर चांदीसारखा ठिपका असलेला एक मासा सतत पृष्ठभागाखाली तरंगत असे. दोघांच्या तोंडांची ठेवण वेगळी का, यावर एक अख्खा तास रंगला. खायला अगदी थोडं द्यायचं आणि आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलायचं, हे मुलांनीच सांभाळलं.

काही नियमही ठरवले. संरक्षित जंगलातून काही आणायचं नाही. ओढ्यातून मोजकेच आणि तिथे मुबलक असलेलेच मासे घ्यायचे. त्यांच्याबरोबर बाजारातला मासा ठेवायचा नाही आणि बाजारातला मासा कधीही ओढ्यात सोडायचा नाही. टाकी बंद करायची तर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यायची. जाळं उन्हात कडकडीत वाळवल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात घालायचं नाही.

तो प्रश्न विचारणारी मुलगी तोवर दहावीला गेली होती. टाकी पाहायला आली, तेव्हा आम्ही तिला सांगितलं की त्या दिवशीचं आमचं उत्तर चुकीचं होतं, आणि मग अमोनियाची गोष्ट सांगितली. तिनं ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "मग तो एक मासा कसा वाचला?"

याचं उत्तर आम्ही अजून शोधतो आहोत. तुमच्या वर्गात कोणाला सुचलं तर जरूर कळवा.