निर्गमनाची नोंद : शिलालेख आणि संकेतस्थळ

नांदगाव खंडेश्वर येथील खंडेश्वराच्या देवळात यादव नृपती कृष्ण याच्या कारकिर्दीतील शके ११७७ चा शिलालेख आहे. देवास दिलेल्या देणग्या त्यात नोंदल्या आहेत. अशी नोंद दात्याच्या संमतीने होते व सर्वांस दिसते. संकेतस्थळांवरील एका अर्वाचीन नोंदीचा इतिहास पाहताना हे दोन्ही विशेष ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

वाचक दुव्यावरून परक्या स्थळाकडे गेला, की नव्या पानाची मागणी त्या स्थळाच्या सर्व्हरकडे जाते. त्यामुळे येणाऱ्याचा ठाव मूळ स्थळास लागे, जाणाऱ्याचा लागत नसे. यावर प्रथम मधल्या पत्त्याची युक्ती निघाली : वाचकास आधी आपल्याच सर्व्हरकडे न्यावयाचे आणि नोंद करून पुढे धाडावयाचे. पुढे हे काम जावास्क्रिप्टकडे आले. गूगलने २००५ मध्ये 'अर्चिन' ही कंपनी विकत घेतली व त्याच वर्षी 'गूगल ॲनालिटिक्स' विनामूल्य खुले केले. बाहेरचा दुवा दाबला गेला, की त्यात एका कल्पित पानाची भेट नोंदवीत. परंतु पान मिटताच संदेश वाटेत तुटे. म्हणून वाचकास सेकंदाचा अंशभर थोपवून धरीत. २०१४ च्या सुमारास ब्राउझरांत 'सेंडबीकन' आले आणि ही अडचण सरली. २०२० च्या आवृत्तीत तर स्थळचालकाने निराळी आज्ञावली न लिहिताही नोंद होऊ लागली.

या क्रमातून एक गोष्ट स्पष्ट होते. मधला पत्ता डोळ्यांस दिसे, विलंब निदान जाणवे; नव्या रीतीत वाचकास काहीच कळत नाही. नोंद जसजशी अचूक झाली, तसतशी ती अदृश्य झाली. शासकीय संकेतस्थळांसाठीच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बाहेरचा दुवा तसा दर्शवावा, असे सांगितले आहे. तथापि सूचना म्हणजे संमती नव्हे. वैयक्तिक माहितीपुरता संमतीचा प्रश्न २०२३ च्या अधिनियमाने कायद्याच्या कक्षेत आणला.

इतिहासाच्या अभ्यासकानेही या साधनाची मर्यादा ओळखली पाहिजे. कापसाचा भाव पाहण्यास निघालेल्या नांदगावच्या शेतकऱ्याने दुवा दाबला, एवढेच ही नोंद सांगते. त्याने भाव वाचला की नाही, हे सांगत नाही. ज्याने स्क्रिप्ट बंद ठेवली, तो या नोंदीत बहुधा येतच नाही. शिलालेखात ज्याचे नाव नाही त्याने दान केलेच नाही, असे कोणी म्हणत नाही. तोच विवेक येथेही हवा.