मॅटप्लॉटलिब : मूळ फॉन्ट व त्याचा बदल

पायथन भाषेत आलेख काढण्यासाठी वापरली जाणारी मुक्त लायब्ररी. मज्जाविज्ञानातील संशोधक जॉन हंटर यांनी ती लिहिली. पहिली आवृत्ती २००३ मध्ये आली. वेगळे काही सांगितले नाही, तर आलेखावरची अक्षरे ‘डेजाव्हू सान्स’ या फॉन्टमध्ये उमटतात. २०१७ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपूर्वी ही जागा ‘बिटस्ट्रीम व्हेरा सान्स’कडे होती. डेजाव्हू हा त्याच व्हेराचा वाढवलेला अवतार.

फॉन्ट बदलणे हे एका ओळीचे काम. ‘आरसीपॅराम्स’ या सेटिंगांच्या कोशात ‘फॉन्ट डॉट फॅमिली’पुढे हव्या त्या फॉन्टचे नाव लिहिले, की त्या प्रोग्रॅमपुरता बदल होतो. कायमचा हवा असेल, तर तेच ‘मॅटप्लॉटलिबआरसी’ फाइलमध्ये नोंदवतात. नाव सापडले नाही तरी काम अडत नाही. लायब्ररी इशारा देते आणि डेजाव्हूवर भागवते. नुकताच बसवलेला फॉन्टही कधी कधी सापडत नाही, कारण फॉन्टची यादी एकदा तयार करून एका वेगळ्या फाइलमध्ये साठवलेली असते. ती फाइल पुसली, की यादी नव्याने बनते.

डेजाव्हू सान्समध्ये ग्रीक, सिरिलिक, अरबी अक्षरे आहेत, देवनागरी नाही. त्यामुळे अक्षाला ‘पाऊस’ नाव दिले, की नुसते चौकोन दिसतात. त्यावर उपाय म्हणजे देवनागरी फॉन्ट : विंडोजवरचा, र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’, किंवा मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’. एकाऐवजी अनेक फॉन्टची नावे दिली, तर ३.६ आवृत्तीपासून (२०२२) पहिल्यात नसलेले अक्षर पुढच्यातून घेतले जाते.

चौकोन गेले, तरी जिल्ह्यांच्या आलेखात ‘सातारा’ नीट येतो आणि ‘नाशिक’ फसतो.

संगणकात ‘शि’ साठवताना आधी ‘श’, मग वेलांटी असा क्रम असतो. कागदावर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायला हवी. ही अदलाबदल आणि जोडाक्षरांची जुळणी करणारी पायरी ३.१० आवृत्तीपर्यंत मॅटप्लॉटलिबच्या नेहमीच्या रेखाटनात नव्हती. परिणामी त्या आवृत्त्यांत वेलांटी पुढच्या ‘क’ला चिकटते आणि ‘नाशकि’ वाचले जाते. ‘महाराष्ट्र’मधले पाय मोडलेले ‘ष्’ आणि ‘ट्’ सुटेसुटे उभे राहतात.

अशा वेळी आलेख एसव्हीजी स्वरूपात काढून ‘एसव्हीजी डॉट फॉन्टटाइप’ला ‘नन’ हे मूल्य देतात. मग मजकूर आकृती न होता मजकूरच राहतो आणि ब्राउझर तो नीट जुळवतो. छापील कामासाठी ‘पीजीएफ’ बॅकएंडमार्फत अक्षरजुळणी ‘झीलाटेक’ या प्रोग्रॅमकडे सोपवता येते.