चूल, वैल आणि धुराडे

धामणगाव बढेसारख्या वऱ्हाडातल्या गावांत कापूस वेचून झाला की पऱ्हाटी जळणासाठी रचून ठेवतात. आपल्या चुलीला शेजारी वैल असतो. मुख्य भांड्याखालून निसटलेली उष्णता तिथे वापरली जाते. म्हणजे उष्णता वाचवण्याची कल्पना आपल्याकडे होतीच. धूर मात्र घरातच राहिला.

युरोप-अमेरिकेत अडचण उलटी होती. भिंतीतल्या शेकोटीच्या धुराड्यातून धुराबरोबर बरीचशी उष्णताही निघून जाई. म्हणून १७४० च्या सुमारास बेंजामिन फ्रँकलिनने शेकोटीत बसवायची लोखंडी शेगडी तयार केली. पुढे १७९६ मध्ये रम्फर्डने धुराड्याचा गळाच अरुंद करायला सांगितला.

१९४० च्या दशकात वर्ध्याच्या मगनवाडीतून आलेल्या मगन चुलीत दोन्ही गोष्टी एकत्र आल्या : ओळीने भांडी आणि शेवटी धुराडे. १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तो २००२ मध्ये थांबला. धुराडे काजळीने तुंबले की ओढ कमी होते आणि धूर पुन्हा रांधणारीच्या डोळ्यांत, छातीत जातो.

मग चूल निवडायची कशी? जळण कोणते, भांडी केवढी, धुराडे कोण साफ करणार, हे आधी रांधणारीलाच विचारावे लागते. आपण विद्यार्थ्यांना हेच प्रश्न घरी विचारायला सांगू या.