ग्रीनवुड : समुदायाची संपत्ती आणि जमिनीवरील अधिकार

अल्पसंख्याक समाजाच्या व्यापारपेठा कशा उभ्या राहतात व कशा लयाला जातात, हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतील टल्सा शहराच्या ग्रीनवुड वस्तीचा इतिहास उद्बोधक ठरतो. १९०६ च्या सुमारास ओ. डब्ल्यू. गर्ली या कृष्णवर्णीय व्यावसायिकाने येथे जमीन घेऊन ती आपल्या समाजबांधवांना विकण्यास प्रारंभ केला. वांशिक विभक्ततेमुळे गोऱ्यांच्या पेठेची दारे बंद होती. परिणामी बाहेर मिळवलेली मजुरी वस्तीतील दुकाने, हॉटेले व नाट्यगृहांतच फिरत राहिली आणि पेठ समृद्ध झाली.

३१ मे व १ जून १९२१ रोजी गोऱ्या जमावाने येथील हजाराहून अधिक घरे जाळली. विमा कंपन्यांनी भरपाई नाकारली. नगर प्रशासनाने अग्निरोधक बांधकामाची अट घालून पुनर्बांधणी रोखू पाहिली, वकील बी. सी. फ्रँकलिन यांनी तिला न्यायालयात यशस्वी आव्हान दिले. जमीन हातची न गेल्यामुळे पेठ पुन्हा उभी राहिली.

जे आगीला साधले नाही, ते पुढे नियोजनाने साधले. विभक्तता ओसरल्यावर ग्राहक बाहेर वळू लागले होते. त्यातच १९६० नंतरच्या नागरी नूतनीकरणाने व महामार्गाने वस्ती दुभंगली. हयात पीडितांचा भरपाईचा दावाही ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये फेटाळला.

तात्पर्य, उद्यमशीलतेने संपत्ती निर्माण होते. परंतु जमिनीविषयीच्या निर्णयांत वाटा नसेल, तर ती पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाही. न्याय्य विकासाची कसोटी येथेच लागते.