घोषणा, जप्ती आणि स्थानबद्धता : खानदेश व पॅलेस्टाइन यांमधील एक कायदेशीर दुवा

इ. स. १९३२ च्या २१ फेब्रुवारीस, रविवारी, धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी गीतेवरील पहिले प्रवचन दिले. दर रविवारी एक याप्रमाणे १९ जूनपर्यंत अठरा अध्यायांवरील अठरा प्रवचने पूर्ण झाली व साने गुरुजींनी ती टिपून घेतली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या घटनेची नोंद आवर्जून केली जाते. ज्या वटहुकमांच्या अमलामुळे तो श्रोतृवर्ग तेथे जमला, त्यांच्याकडे मात्र वाङ्मयाचा इतिहासकार सहसा वळत नाही. पूर्व व पश्चिम खानदेश, म्हणजे पुढील काळातील जळगाव व धुळे जिल्हे, या वटहुकमांच्या कक्षेत होते. त्यांचा विचार केल्यावाचून धुळ्याच्या तुरुंगाचा इतिहास अपुराच राहतो.

४ जानेवारी १९३२ रोजी गांधीजींना पकडण्यात आले आणि त्याच दिवशी हिंदुस्थान सरकारने चार वटहुकूम जारी केले. त्यांपैकी एक केवळ बेकायदा संघटनांसंबंधी होता. त्याचा पाया १९०८ च्या फौजदारी कायदा सुधारणा कायद्यात होता. बंगालमधील क्रांतिकारक समित्या डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या त्या कायद्याने ‘बेकायदा संघटना’ हिची व्याख्या दोन प्रकारे केली होती. पहिल्या प्रकारात हिंसेस उत्तेजन देणारी संघटना येत असे, व हे न्यायालयात सिद्ध करावे लागे. दुसऱ्या प्रकारात, जी संघटना सरकारने बेकायदा म्हणून घोषित केली ती बेकायदा! येथे सिद्ध करण्याजोगे काही उरतच नव्हते. राजपत्रातील घोषणा हाच पुरावा होता. अहिंसेची शपथ घेतलेल्या काँग्रेस समित्यांना बाँबवाल्यांसाठी केलेला कायदा लावता आला, तो या दुसऱ्या प्रकारामुळेच.

या कायद्याच्या सतराव्या कलमातील एक भेद विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. साध्या सभासदास वा वर्गणीदारास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होती. पण जो संघटनेचा ‘कारभार पाहतो किंवा कारभारास साहाय्य करतो’ त्यास तीन वर्षांपर्यंत. म्हणजे पदाधिकाऱ्याने काय केले हे गौण. तो चिटणीस किंवा खजिनदार आहे, एवढ्यानेच अपराध गंभीर होई. १९३२ च्या अखेरीस वटहुकमातील अधिकार कायद्यात घालण्यात आले. संघटनेची जागा ताब्यात घेणे, तेथील जंगम मालमत्ता उचलणे, आणि पैसा त्या कामासाठी वापरला जात आहे अशी सरकारची खात्री पटल्यास तो सरकारजमा करणे, असे ते अधिकार होते.

शिक्षा व जप्ती यांच्या जोडीला तिसरे साधन होते ते खटल्यावाचून अटकेचे. गांधीजींना येरवड्यास ठेवण्यात आले ते मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनाखाली. त्यात आरोप नव्हता, म्हणून बचावही नव्हता. अशा माणसास मराठीत ‘राजबंदी’ म्हणत. ‘नजरकैद’ व ‘जप्ती’ या जुन्या शब्दांतील ‘कैद’ आणि ‘जप्त’ हे दोन्ही फारसीच्या मार्गाने आलेले मूळ अरबी शब्द होत. ‘स्थानबद्ध’ हा संस्कृत घडणीचा. रत्नागिरी जिल्ह्याबाहेर न जाण्याच्या अटीवर सावरकरांना १९२४ ते १९३७ पर्यंत राहावे लागले, त्या अवस्थेस स्थानबद्धता म्हटले जाते. येथे शब्द अक्षरशः सार्थ आहे. पुढे तुरुंगात डांबलेल्या, परंतु आरोप नसलेल्या माणसासही तोच शब्द लागला. १९७५ च्या आणीबाणीतील ‘मिसा’बंदी मराठीत स्थानबद्धच होते. शब्द सौम्य राहिला आणि त्यातील वस्तू कठोर झाली.

काँग्रेसवरील बंदी १९३४ मध्ये उठली. १९३६ च्या डिसेंबरात त्याच संघटनेचे अधिवेशन पूर्व खानदेशातील फैजपूर या गावी जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरले, आणि जुलै १९३७ मध्ये तिचे मंत्रिमंडळ मुंबई इलाख्यात अधिकारावर आले. ज्या पदांमुळे पाच वर्षांपूर्वी तीन वर्षांची शिक्षा संभवत होती, ती पदे भूषविणारेच आता मंत्री झाले होते.

याच सुमारास साम्राज्याच्या दुसऱ्या टोकास उलट घडत होते. पॅलेस्टाइनमध्ये १९३६ च्या एप्रिलात अरब उच्च समिती स्थापन झाली होती. २६ सप्टेंबर १९३७ रोजी गॅलिलीचे ब्रिटिश जिल्हाधिकारी लुइस अँड्र्यूज यांचा खून झाला आणि १ ऑक्टोबरला ती समिती बेकायदा घोषित झाली. तिचे चिटणीस फुआद साबा व जेरुसलेमचे महापौर हुसेन अल्-खालिदी यांच्यासह पाच पुढाऱ्यांना सेशेल्स बेटांवर धाडण्यात आले. त्याच वर्षाअखेर सल्लागार म्हणून तेथे बोलावले गेले ते सर चार्ल्स टेगार्ट, कलकत्त्याचे माजी पोलीस आयुक्त. बंगालच्या क्रांतिकारकांशी झुंजलेला अधिकारी पॅलेस्टाइनला गेला, आणि त्याच्या मागोमाग कायद्याची भाषाही गेली. १९४५ च्या पॅलेस्टाइन संरक्षण (आणीबाणी) नियमांतही घोषणेने बेकायदा ठरणारी संघटना आहे, तिचा कारभार पाहणे हा अपराध आहे आणि खटल्यावाचून स्थानबद्धताही आहे. इस्रायलच्या कायद्यात हे नियम वारशाने उतरले.

खानदेशात या साधनांची सर्वांत कठोर परीक्षा झाली ती १९४२ नंतर. मुंबई सरकारने भारत संरक्षण नियमांतील सव्विसाव्या नियमाखाली अडकविलेल्या केशव तळपदे यांच्या प्रकरणात फेडरल न्यायालयाने एप्रिल १९४३ मध्ये तो नियमच अवैध ठरविला; पण आठवड्याभरात वटहुकूम काढून सरकारने ती उणीव भरून काढली. पुढच्याच वर्षी, १४ एप्रिल १९४४ रोजी, धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना चिमठाण्याजवळ भूमिगतांनी लुटला. जी. डी. लाड व डॉ. उत्तमराव पाटील यांची नावे या घटनेशी निगडित आहेत. रक्कम साडेपाच लाखांच्या घरातील होती व ती मुख्यतः साताऱ्याच्या प्रतिसरकारासाठी वापरली गेली. सरकार संघटनेचा पैसा जप्त करीत होते, संघटनेने सरकारचाच केला. धुळ्याचे गीताप्रवचन आणि चिमठाण्याची लूट यांत दोन युगांचे अंतर आहे. ‘घोषित’ संघटनेच्या कायद्याला ते अंतर मोजता येत नव्हते.

हाच साचा विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत दिसतो. जानेवारी १९९५ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशान्वये हमासची मालमत्ता गोठविण्यात आली. तिच्या राजकीय विभागाचे प्रमुख मूसा अबू मर्झूक यांना २५ जुलै १९९५ रोजी न्यूयॉर्कच्या विमानतळावर अडविण्यात आले, व पुढील महिन्यात त्यांचे स्वतःचे नावही निर्बंधांच्या यादीत आले. इस्रायलने त्यांच्या प्रत्यर्पणाची मागणी केली. १९९६ मध्ये न्यायालयाने ती मान्य केली. १९९७ च्या एप्रिलात इस्रायलने ती मागे घेतली आणि मे महिन्यात त्यांची रवानगी जॉर्डनला झाली. सुमारे बावीस महिन्यांच्या या कैदेत अमेरिकेने त्यांच्यावर एकही फौजदारी आरोप ठेवला नाही. हमासने नागरिकांवर केलेले प्राणघातक हल्ले आणि खानदेशातील सत्याग्रह यांची तुलना करण्याचा येथे मुळीच हेतू नाही. तशी तुलना करणे हे इतिहासाशी प्रतारणा करणे होईल. साम्य कृत्यांत नसून यंत्रात आहे. संघटनेची घोषणा, पैशाची कोंडी आणि पदाधिकाऱ्याची आरोपाविना कैद हे त्याचे तीन भाग. यंत्राचा लक्ष्यभूत माणूस दोषी असो वा निर्दोष, ते सारख्याच रीतीने चालते. म्हणूनच त्याला थांबविणारा न्यायाधीश कोठे बसतो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

स्वतंत्र भारतात हा प्रश्न लवकरच उपस्थित झाला. मद्रास सरकारने एका लोकशिक्षण संस्थेस १९५० मध्ये १९०८ च्या त्याच कायद्याखाली बेकायदा ठरविले. व्ही. जी. राव यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये निर्णय दिला की, घोषणेच्या कारणांची न्यायालयीन तपासणी होऊ न देणारी ही तरतूद घटनेशी विसंगत आहे. १९६७ च्या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात घोषणेची छाननी करण्यासाठी उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचे न्यायाधिकरण नेमावे लागते, आणि पैसा गोठविण्याच्या आदेशाविरुद्ध चौदा दिवसांत जिल्हा न्यायाधीशाकडे जाता येते. २००४ मध्ये मात्र दहशतवादी संघटनांची परिशिष्टातील यादी या कायद्यात आली, आणि तिला त्या न्यायाधिकरणाची अट नाही. नाव वगळण्यासाठी आधी केंद्र सरकारकडेच अर्ज करावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने संघटनेबरोबर व्यक्तीचेही नाव अशा यादीत घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. मराठी वृत्तपत्रे अशा व्यक्तीस ‘घोषित दहशतवादी’ म्हणतात. १९०८ च्या कायद्याने संघटनेला लावलेले विशेषण असे माणसापर्यंत येऊन पोहोचले आहे.