वस्तऱ्याचं वय

जुनी पत्र्याची पेटी आवरताना वस्तरा सापडला की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘दीडशे वर्षांचा तरी असेल.’ वस्तऱ्याच्या बाबतीत हे वाक्य तपासून बघता येतं, तेही हातातल्या मोबाइलनं. पातं जिथं मुठीत अडकवलेलं असतं, तिथल्या जाड भागावर कॅमेरा झूम करा. शिक्का असला तर तिथंच असतो.

शिक्का नसेल तर तो बहुधा गावच्या लोहारानं घडवलेला. गोंदिया-भंडाऱ्याकडे न्हाव्याला म्हाली म्हणतात. या धानाच्या मुलखात त्याचं बलुतं सुगीला धानातच मिळायचं, आणि त्याच्या धोकटीतली हत्यारं जवळपासच्या भात्यावर तयार व्हायची. लोहार नाव कोरत नसे. अशा वस्तऱ्याचं वय सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

शिक्क्यावर ‘शेफील्ड’ असेल तर माल इंग्लंडचा, ‘झोलिंगेन’ असेल तर जर्मनीचा. तो इथवर आला कसा? नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी मीटरगेज रेल्वे १८८०च्या सुमारास या भागातून गेली. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि पुढे हाच मार्ग ब्रॉडगेज झाला. त्याआधी इंग्रजी वस्तरा इथं येणं अशक्य नव्हतं, पण तो बैलगाडीनं आला असणार आणि म्हाल्याच्या आधी एखाद्या साहेबाच्या किंवा मालगुजाराच्या घरी उतरला असणार.

आता अक्षरं नीट वाचा. मुकुटाशेजारी ‘व्ही आर’ असेल तर काळ राणी व्हिक्टोरियाचा, म्हणजे १८३७ ते १९०१. नुसतं ‘शेफील्ड’ आहे की पुढं ‘इंग्लंड’ही आहे, हे त्याहून महत्त्वाचं. १८९० च्या अमेरिकन जकात कायद्यानं परदेशी मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं आणि १८९१ पासून ते अमलात आलं. कारखानदार बहुतेकदा सगळ्याच मालावर एकच शिक्का मारत, म्हणून ‘इंग्लंड’ हा शब्द दिसला की वस्तरा सहसा त्यानंतरचा. उलटं मात्र खरं नाही: शब्द नाही म्हणून तो जुनाच, असं म्हणता येत नाही. जर्मन मालाची गोष्ट आणखी मजेशीर. तो शेफील्डच्या नावानं खपवला जातो, या तक्रारीतून ब्रिटनमध्ये १८८७ चा व्यापारचिन्ह कायदा झाला आणि १८८९ मध्ये हिंदुस्थानातही तसाच आला.

मुठीवर फार विसंबू नका. अंगठ्यानं जोरात घासून कापरासारखा वास आला तर ती सेल्युलॉइडची, म्हणजे १८७० नंतरची. शिंगाची असेल तर जुनीही असू शकते. पण मुठी मोडत आणि बदलल्या जात, त्यामुळे मुठीचं वय हे पात्याचं वय नव्हे.

एवढा खटाटोप कशाला? १८९० मध्येच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांची सभा झाली आणि विधवांचं केशवपन करणार नाही, असा निर्धार तिथं झाला. मुंबईच्या सभेनं गावोगावची चाल एका दिवसात थांबली नाही. तरीही वस्तरा १८९०च्या अलीकडचा की पलीकडचा, हा प्रश्न मग फक्त किमतीचा राहत नाही. ज्या पात्यानं आपण कौतुकानं फोटो काढतोय, ते फक्त दाढ्यांवरच फिरलं असेल का? शिक्का याचं उत्तर देत नाही. फार तर तेव्हा वस्तरा अस्तित्वात होता की नव्हता, एवढं सांगतो.

झीज बघूनही वय ठरवू नका. मालगुजाराचा वस्तरा शंभर वर्षांनीही रुंद राहील. रोज पन्नास हनुवट्या करणाऱ्या म्हाल्याचा सहाणेवर घासून घासून दहा-वीस वर्षांत निम्मा होईल. माझ्या मते झिजलेला वस्तरा जास्त बोलका, पण तो कामाबद्दल बोलतो, सालाबद्दल नाही.

आणि शिक्क्यावरचा गंज सँडपेपरनं काढू नका. थोडं तेल लावून रात्रभर ठेवा, मऊ कापडानं पुसा. अक्षरं आधीच उथळ असतात, दोन-चार घासण्यांत ‘इंग्लंड’ निघून जातं.