राजा परतला, पण कारागीर?

‘द रिटर्न ऑफ द किंग’ हा ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या मालेतील अखेरचा बोलपट. तो २००३ साली प्रकाशात आला आणि पुढील वर्षी ऑस्करची ११ च्या ११ पारितोषिके घेऊन गेला. राजा गादीवर बसला, पडदा पडला. परंतु इतिहास पाहणाऱ्याने पडदा पडताच उठून जाऊ नये, असे आम्हांस वाटते.

हे बोलपट न्यूझीलंडात तयार झाले. तेथे प्रतिकृती घडविणारा एक कारागीर होता. कागदोपत्री तो ‘स्वतंत्र कंत्राटदार’. कामाच्या वेळा आणि हुकूम मात्र कंपनीचे. कामावरून कमी केल्यावर त्याने दाद मागितली. २००५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, कागदावर काहीही लिहिलेले असो, प्रत्यक्ष संबंध पाहता हा नोकरच होय.

पुढे ‘हॉबिट’ची पाळी आली. २०१० च्या सप्टेंबरात नटांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने सामुदायिक कराराच्या मागणीसाठी, काम पत्करू नका, असे सभासदांस कळविले. चित्रीकरण परदेशी जाणार, अशी भाषा सुरू झाली. ऑक्टोबरात वेलिंग्टनमध्ये मोर्चा निघाला, तो मालकांविरुद्ध नव्हे, तर नटांच्या संघाविरुद्ध. आणि निघाले कोण, तर तंत्रज्ञ! बहिष्कार मागे घेतला गेला, तरी २५ ऑक्टोबरला पुन्हा मेळावे भरले. तो दिवस तेथील कामगारदिनाचा. सॅम्युएल पार्नेल या सुताराने १८४० साली याच परिसरात आठ तासांच्या कामाचा आग्रह धरला, त्याची आठवण जपणारा! चारच दिवसांनी, २९ तारखेला, घाईघाईने कायदा झाला : लेखी करारात नोकर म्हटले नसेल, तर चित्रपटात राबणारा कंत्राटदारच. शिवाय कंपनीस करसवलत वाढवून मिळाली.

त्या तंत्रज्ञांस आम्ही फितूर म्हणणार नाही. चूल विझण्याचे भय खरेच असते. पण नटाचा करार आणि सुताराचा करार एकाच दौतीतून लिहिला जातो, हे दोघांना आधी एकत्र बसवून सांगावयास हवे होते. संघटनेचे पहिले काम तेच, संप त्यानंतरचा.

‘हॉबिट’चा अखेरचा भाग २०१४ साली आला. सामुदायिक वाटाघाटींचा हक्क देणारा कायदा मात्र २०२२ साली झाला, तोही संपाची मुभा न देता. राजा तीन बोलपटांत परतला. कारागिराचा अर्धा हक्क परतण्यास बारा वर्षे लागली. उरलेला अर्धा अजून वाटेवर आहे.